झोतातलं माप

नाना, त्या सकाळी मी नळाचं पाणी भरलं, अंगण झाडलं, रात्रीची भांडी घासली आणि दूध न तापवताच झाकून ठेवलं, कारण डोप लावायचा दिवस होता. आता इथे दुबईत कुणाला डोप म्हटलं तर वेगळंच वाटतं. आपल्या घरात डोप म्हणजे ते वार्निशसारखं, डोक्यात जाणाऱ्या वासाचं औषध. विमानाच्या कापडाला लावलं की सुकता सुकता कापड आवळून ढोलासारखं ताठ व्हायचं, आणि जवळ ठिणगी पडली तर भडकायचं. म्हणून त्या दिवशी स्टोव्ह नाही, निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. दहीपोहे खायचे आणि देवाला नुसते हात जोडायचे. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, आज परत सुतक? कोण गेलं?" मी म्हणायची, "विमान गेलं." त्या म्हणायच्या, "मग तेराव्याला जेवायला बोलाव हो." तुम्ही आत बसून हे ऐकायचात. कधी हसला नाहीत.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळा सुटली तेव्हा नववीत. घर कोण बघणार, एवढंच तुम्ही म्हणालात आणि मला ते तेव्हा पटलं. हवाईदलाची नोकरी संपवून तुम्ही आला होतात, आणि गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबने हवाईदलानेच मोडीत काढलेली दोन पिवळी शिकाऊ विमानं घेतली होती. हार्वर्ड म्हणत त्यांना. पुढे कळलं की त्या नावाचं मोठं विद्यापीठही आहे. मला मात्र अजून ते नाव ऐकलं की डोपचा वास येतो. सगळं विमान पत्र्याचं, पण शेपटीवरची उभी फळी, जी विमान डावीउजवीकडे वळवते ती, आत फासळ्या आणि वरून कापड. तिला रडर म्हणतात. क्लबाचा माणूस ती हातगाडीवर घालून आपल्या ओसरीवर आणून टाकायचा.

कापड फासळ्यांना शिवायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगू. रडर मध्ये उभं, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. हातभर लांब सुई तुमच्याकडून फासळीच्या एका अंगाने यायची, मी ती दुसऱ्या अंगाने परत घालायची. मग तुम्ही मेणाचा दोरा ओढून गाठ मारायचात. बसण्याआधी बेसनाने हात धुवायचे. पोळ्यांचं तेल बोटांना राहिलं तर त्या जागी डोप धरत नाही. मला तुमचा चेहरा दिसायचा नाही, फक्त कापड आणि त्यातून येणारं सुईचं टोक. सुई चुकीच्या जागी परत गेली की पलीकडून आवाज यायचा, "हूं." माझं सगळं शिक्षण त्या 'हूं'वर झालं आहे.

मी चौदाची असताना तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आपण जागा बदलल्या. एका सकाळी तुम्ही परतीच्या बाजूला जाऊन बसलात आणि म्हणालात, "घाल." मी टाके घातले. टाक्यांमधलं अंतर चार बोटं, हे मला माहीत होतं, म्हणून मी माझी चार बोटं मोजून अख्खी बाजू शिवून काढली. दुपारी क्लबाची दोन माणसं बघायला आली. त्यांच्यासमोर तुम्ही कापडावरून हात फिरवलात, खिशातला चाकू काढलात आणि एकेक टाका कापून टाकलात. "बोटं बघ स्वतःची. उंदराच्या बोटांनी मोजलंस. कापडाची चाळणी केलीस." माणसं हसली. रात्री तुम्ही एका दोऱ्याला तुमच्या चार बोटांच्या मापाने गाठी मारल्यात आणि तो माझ्या पुढ्यात टाकलात. तुमची चार बोटं म्हणजे माझी पाच.

आणि दुसऱ्या दिवशी शिवताना, खालच्या पाच फासळ्यांना आल्यावर, तुम्ही पलीकडून हळू आवाजात म्हणालात, "इथे विमानाच्या पुढच्या पंख्याचा झोत थेट लागतो. इथे माप अर्धं. विसरलीस तर हवेत कापड सुटेल आणि वरचा माणूस जाईल." बस. एकदाच. मी विसरले नाही.

पुढचं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते, तुम्हाला ते माहीत असूनही. क्लबातला चोवीस वर्षांचा मदतनीस तुमच्याकडे वर्षभर शिकायला येत होता. चांगला होता, मन लावायचा, पण त्याचा हात जड. गाठ सरकायची. शहरातून परीक्षा घ्यायला साहेब येणार होते. पास झाला तर त्याला पक्का कारागीर म्हणून कागद मिळणार होता. त्याने शिवलेला नमुना तुम्ही सकाळी मागच्या दारी नेऊन उसवलात, मी बघितलं. आणि साहेबांसमोर जो ठेवलात तो माझा होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा साहेब कापड उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "हात चांगला आहे. कुणाचा?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, नाना. बघितलं नाही असं मला म्हणू नका. मग म्हणालात, "या मुलाचा." आणि मला म्हणालात, "चहात साखर कमी आहे. घेऊन ये."

साखर बरोबर होती. मी आत जाऊन चमच्याने चाखून बघितली.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "पोरी, त्याचं झालं म्हणजे तुझंच झालं." पुढच्या वर्षी त्याच्याशी माझं लग्न झालं. रुखवतात लाडू-चिवड्याच्या शेजारी तुम्ही बांबूच्या नळीत घालून तुमची लांब सुई ठेवलीत आणि तो गाठींचा दोरा. बायकांनी विचारलं, हे काय गं? तुम्ही म्हणालात, "जावयाची हत्यारं." मला तेव्हा ती भेट माझी वाटली होती. किती वर्षं मी ती माझी समजून जपली.

तुम्ही गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तुमच्या जावयांना इथे बोलावणं आलं. फुजैऱ्याच्या रस्त्याने जाताना डोंगर लागायच्या आधी आत वळलं की वाळूत एक खासगी धावपट्टी आहे. तिथल्या मालकांना जुन्या शिकाऊ विमानांचा नाद. पाच विमानं जमवली आहेत, सगळी आपल्या त्या पिवळ्यांच्या जातीची. हिवाळ्यात त्यांची शर्यत लावतात. वाळूत लाल-पांढरे खांब रोवलेले, त्यांना वळसे घालत पाचही विमानं जमिनीच्या इतकी जवळून पळतात की वाळू उडून गाड्यांच्या काचांवर बसते. ज्यांच्यावर पोरं घाबरत घाबरत उडायला शिकली, ती म्हातारी विमानं. इतक्या जोरात पळायला ती बनवलेलीच नव्हती. आणि इथलं ऊन कापड खातं. दर दोनतीन हिवाळ्यांनी रडरं नवीन कापडाने मढवावी लागायची, आणि कागदावर कापडाचा कारागीर एकच, तुमचे जावई.

मी अल कुसैसच्या दोन खोल्यांत राहते. ह्यांनी पहिल्यांदा पिकअपमधून रडर आणलं तेव्हा ते लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने चार मजले चढवलं. खालचा वॉचमन म्हणाला, "भाईसाब, नया दरवाजा?" हे म्हणाले, "हां, दरवाजा." हॉलमध्ये सोफा बाजूला सारून ते उभं केलं. हे दाराशी उभे राहिले, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. म्हणाले, "तू बस त्या बाजूला. मी सुई परत करतो." अकरा वर्षं असं चाललं. माझ्या व्हिसावर शिक्का होता, गृहिणी, नोकरीला परवानगी नाही. तेवढं कारण पुरेसं होतं, पण खरं कारण ते नव्हतं हे आम्हा दोघांना माहीत होतं. शिवणाच्या दिवशी मी फोडणी करायची नाही. मुलगा शाळेतून यायचा आणि म्हणायचा, "अगेन दहीभात? हू डाइड?" काकूंना तो कधी भेटला नव्हता, तरी तेच बोलायचा.

हे माणूस म्हणून वाईट नव्हते. मी शिवत असले की पाणी आणून द्यायचे, पाठ चोळायचे. दर वेळी म्हणायचे, "या वेळी साहेबांना सांगून टाकतो." मग तिथल्या कामाच्या वहीत 'काम करणारा' या रकान्यात सही करायचे आणि परत आल्यावर जरा जास्तच गोड बोलायचे. खालच्या पाच फासळ्यांना आल्यावर मी टाके जवळ घालायची तेव्हा पलीकडून हसायचे, "आली का तुझी उंदराची बोटं?" ती गोष्ट तुम्हीच त्यांना सांगितली असणार. मी म्हणायची, "असू देत." का जवळ घालते, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला वाटायचं, एवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे.

तीन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करता करता ते गेले. शेजारणींनी गॅस बंद ठेवला आणि बाहेरून खुबूस रोटी आणि दही आणलं. मी ते ताट बघितलं, थंडगार स्वयंपाकघर बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं, आज डोप लावायचं आहे. मग आठवलं. तेव्हापासून मी खूप वाचते. आधीही वाचायची, पण आता हातांना दुसरं काम नाही. मराठी मंडळाच्या कपाटातली सगळी पुस्तकं झाली. ह्यांच्या विमानाच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स घरी होती, तीही शब्दकोश घेऊन पानपानभर वाचली. अवघड आहे, पण त्यात जे लिहिलंय ते माझ्या बोटांना आधीच येत होतं.

गेल्या गुरुवारी तिथले इंजिनिअर घरी आले. केरळचे आहेत, गेल्या वर्षीच लागले, ह्यांना त्यांनी पाहिलेलंही नाही. मुलगा अजमानहून मुद्दाम आला होता. इंजिनिअर म्हणाले, "भाभीजी, शनिवार को रेस है. जो एअरक्राफ्ट सबसे आगे उडेगा, उसके रडर पे हम भाईसाब का नाम लिख रहे हैं. मालिक ने खुद बोला. आप आके कपडा हटाइए." मुलाचे डोळे भरून आले. मी विचारलं, रडर कुणी मढवलं? ते म्हणाले, दोन नवे लडके आहेत, एकदम मेहनती, आणि सगळं भाईसाबच्या वहीवरून केलं. "किताब से ज्यादा हम उनकी नोटबुक पे भरोसा करते हैं. ग्यारह साल, एक टांका नहीं टूटा."

शुक्रवारी मुलगा मला बघायला घेऊन गेला. हँगरच्या दारात पिवळं विमान उभं, शेपटी आमच्याकडे, नावावर झाकायचं कापड अजून घातलेलं नव्हतं. काळ्या अक्षरांत ह्यांचं नाव, चांगलं हातभर मोठं. मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही. मी फक्त हात लावला, जसा कुणीही लावील. टाक्यांवर पट्टी चिकटवून रंग दिला तरी गाठी हाताला लागतात, तुम्हाला माहीत आहे. वरच्या फासळीवर दोन उंचवट्यांमध्ये माझी पाच बोटं. बरोबर. मी खाली आले. खालच्या पाचही फासळ्यांवर पाच बोटं. पाच, पाच, पाच. सगळीकडे सारखंच. मी तिथे उकिडवी बसले आणि परत मोजलं. मुलाला वाटलं मी रडते आहे. त्याने पाठीवर हात ठेवला.

तिथल्या टेबलावरची ह्यांची वही मी उघडून बघितली. वहीत एकच माप होतं, नाना. ह्यांनी सगळीकडे तीन इंच लिहून ठेवलं होतं, कारण दोऱ्यावरच्या गाठी तेवढ्याच अंतरावर होत्या, आणि जवळचे टाके म्हणजे बायकोची बोटं. त्यांना माहीतच नव्हतं. ज्याला तुम्ही नापास होऊ दिलं नाहीत, त्याला तुम्ही शिकवलंही नाहीत. नमुना माझा होता ना. मग त्याला झोताचं कशाला सांगायचं?

गाडीत मी मुलाला सगळं सांगितलं. साहेबांच्या चहापासून सांगितलं. तो दुबईत मोठ्या ऑफिसात आहे, घाईने बोलतो. त्याने गाडी पेट्रोल पंपाशी उभी केली. "आई, तू शुअर आहेस? म्हणजे, तीन वर्षं झाली तू हे केलेलं नाहीस."

"घरी पुस्तक आहे. पान काढून दाखवते."

"बरं, मी त्यांना फोन करतो, नुसतं म्हणतो की चेक करा. हू डिड व्हॉट, ते कशाला?"

"ते विचारतील, वहीत तीन लिहिलंय, तुम्ही कोण सांगणार? मग?"

त्याने फोन बाजूला ठेवला. मग त्याने मराठीत, लहान असताना बोलायचा तसं म्हटलं, "आई, बाबांकडे दुसरं काय होतं गं? तेवढं एक नाव. प्लीज. उद्याचा दिवस जाऊ दे, रेस झाली की बघू."

रेस झाली की! रेसमध्येच तर कापड सुटेल.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. पान होतं. झोतातल्या जागी अंतर कमी, तक्ता दिलेला. माझी आठवण चुकली असती तर किती बरं झालं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि तुमच्याशी भांडले. खरं सांगते, ह्यांच्याशी नाही भांडले. ते सगळा जन्म तुम्ही दिलेली खोटी सही गिरवत राहिले, आणि तिच्याखाली दबून मलाच गोड बोलत राहिले. त्यांची शिक्षा त्यांनी भोगली. तुम्ही काय भोगलंत? तुम्हाला एक जावई हवा होता, आणि मुलीचा हात हाताशी होता. तुम्ही एका वाक्यात दोन माणसं संपवलीत आणि वर चहात साखर मागितलीत. लोक म्हणतात, त्या काळी असंच होतं, बापाने मुलीचं भलंच बघितलं. मीही ते पुष्कळ वर्षं म्हटलं. पण त्या काळीसुद्धा साहेबांनी सरळ विचारलं होतं, कुणाचा हात. त्या काळीसुद्धा उत्तर एका शब्दाचं होतं.

आणि माझंही सांगते. ते माप मी स्वतःजवळ ठेवलं. अकरा वर्षं पलीकडे बसलेल्या माणसाला मी एक वाक्य सांगितलं नाही, कारण मला त्याच्याकडे नसलेलं काहीतरी हवं होतं. ते शनिवारी कुणाच्या तरी जिवावर आलं असतं. हे मी तुमच्याकडूनच शिकले असं म्हणायला सोपं आहे, पण तोंड माझं होतं.

हे पत्र मी आज, रविवारी, लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते उजेडात धरून दुसऱ्या कुणाचं म्हणून पुढे केलं असतं.

काल सकाळी मी मुलाला उठवलं नाही. खालच्या टॅक्सीवाल्याला धावपट्टीचा रस्ता समजावला आणि उजाडताना पोचले. इंजिनिअर एकटेच होते. मी त्यांना पान दाखवलं, त्यांच्याच टेबलावरच्या वहीतलं माप दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी हाताने मोजलं, पट्टीने मोजलं, पान परत वाचलं. चेहरा उतरला. म्हणाले, "भाभीजी, खोलना पडेगा. नाम के ऊपर से कटेगा." मी म्हटलं, "कापा." त्यांचा हात होईना, म्हणून चाकू मी घेतला. आडवी चीर दिली, नाव मधोमध फाटलं. मग मी नळीतून सुई काढली, त्यांना पलीकडच्या बाजूला बसवलं आणि एका फासळीला सात टाके घालून दाखवले, अर्ध्या मापाने, नव्या पोरांनी पुढचं करावं म्हणून. तिसऱ्या टाक्यापर्यंत त्यांना सुई परत करायला जमू लागलं. शर्यत चारच विमानांची झाली, त्या चारांच्या रडरांवर अजून माझेच टाके होते. लोकांना सांगितलं, पाचव्याचं काम निघालंय. मुलाचा फोन आला नाही, अजून आलेला नाही.

सात टाके झाल्यावर इंजिनिअर कापडाच्या पलीकडून म्हणाले, "ये हाथ किसने सिखाया आपको?"

मी दोरा ओढला, गाठ मारली आणि म्हटलं, "किसी ने नहीं. देख देख के सीखी."